सेकंडहँड डीएसएल राउटर, एमटीयूने पिडलं पण आता ओके
गावी आईकडे अजून कॉपरचीच लाईन (डीएसएल, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट), म्हणून हा सेकंडहँड राउटर उचलला. १९२.१६८.१.१ हे राउटरच्या सेटिंगचं पान उघडून बीएसएनएलचं व्हीपीआय ०, व्हीसीआय ३५ (लाईनवरच्या जोडणीचे क्रमांक) आणि पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने लॉगिन करायची पद्धत) टाकलं आणि लगेच कनेक्ट झालं पण काही साइट अर्ध्याच उघडायच्या, दोन संध्याकाळी डोकं खाजवल्यावर दिसलं की एमटीयू, म्हणजे एका वेळी जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याचा कमाल आकार, १५०० बाइटवर आहे, पीपीपीओईला लागणारे ८ बाइट वजा करून १४९२ केलं तर बँकेचं पान पटकन आलं. आई म्हणते, एवढंच होतं होय! राउटर एसएनआर मार्जिन (लाईनवरच्या खरखरीपेक्षा सिग्नल किती वरचढ, जास्त तितकं चांगलं) दाखवतो ते भारी, फोनला फिल्टर (फोन आणि इंटरनेटचे सिग्नल वेगळे ठेवणारी डबी) लावल्यावर ५ डीबीचा ११ झाला. वायफाय मात्र स्वयंपाकघरापर्यंत पण पोचत नाही. आणि सेव्हचं बटण वेगळ्याच पानावर दडवलंय, ते दाबलं नाही तर लाईट गेली की सगळं परत टाका.