तबलजीचा अपंगत्व विमा आणि ब्रोकरची मदत: चौदा महिन्यांनंतरचा अनुभव

बडोद्यात दांडिया बाजारात मी गेली बावीस वर्षे तबला शिकवतो आणि साथीला बसतो. सयाजीराव महाराजांनी १८८६ साली जिथे संगीतशाळा सुरू केली त्या शहरात तबल्यावर संसार चालतो याची मला कृतज्ञता वाटते. पण तो संसार दहा बोटांवर उभा आहे, आणि हात थांबला तर घरखर्च कशातून भागवायचा याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. बँकेच्या खात्यातून वर्षाला २० रुपये कापून घेणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना तेवढी होती. तिच्यात अपघाती मृत्यू किंवा कायमच्या संपूर्ण अपंगत्वासाठी २ लाख आणि कायमच्या आंशिक अपंगत्वासाठी १ लाख रुपये मिळतात. हाड मोडून दोन महिने घरी बसावे लागले तर काहीही मिळत नाही.

आधी एका एजंटाशी बोललो होतो. त्यांनी पहिल्या वर्षाच्या कमिशनमधला काही भाग परत देण्याची तयारी दाखवली. विमा कायद्याच्या कलम ४१ नुसार अशी सूट देणे आणि घेणे दोन्ही निषिद्ध आहे, हे मला नंतर ब्रोकरकडून कळले. एजंट हा विमा कंपनीचा प्रतिनिधी असतो, तर ब्रोकर ग्राहकाच्या वतीने अनेक कंपन्यांच्या पॉलिसी तपासतो. त्याचा मोबदला मात्र कंपनीच देते. म्हणून परवाना क्रमांक मागून तो विमा नियामकाच्या संकेतस्थळावर पाहिला आणि मगच कागदपत्रे दिली.

ब्रोकरबाईंनी पहिल्या भेटीत हप्त्याचा विषयच काढला नाही. माझी तीन वर्षांची आयकर विवरणे मागितली, कारण अपघाताने काम थांबले तर अपघात विम्यातून मिळणारी आठवड्याची भरपाई दाखवलेल्या उत्पन्नाच्या मर्यादेतच असते. शिकवणीची काही फी रोख येते आणि ती सगळी विवरणात नसते, असे प्रकार आमच्या व्यवसायात सर्रास चालतात. विमा घेताना त्याची किंमत कळते. माझे विवरणातले उत्पन्न वर्षाला ५ लाख ४० हजार, म्हणजे आठवड्याला साधारण १० हजार रुपये. त्यावरून कायमच्या अपंगत्वासाठी ५० लाखांची रक्कम ठरली आणि तात्पुरत्या संपूर्ण अपंगत्वासाठी आठवड्याला १० हजार, जास्तीत जास्त १०० आठवडे.

त्यानंतर त्यांनी तीन कंपन्यांची पॉलिसीपत्रे माझ्यासमोर उघडली आणि फक्त व्याख्या वाचायला लावल्या. एकीत ‘कोणतेही काम करण्यास असमर्थ’ असा शब्दप्रयोग होता, दुसरीत ‘नोंदवलेला व्यवसाय करण्यास असमर्थ’ असा. माझ्यासारख्यासाठी फरक याच ओळीत होता. मनगट मोडलेला तबलजी दुकानाच्या गल्ल्यावर बसू शकतो, म्हणजे पहिल्या व्याख्येप्रमाणे तो असमर्थ ठरेलच असे नाही. आंशिक अपंगत्वाच्या तक्त्यात अंगठ्याला विमा रकमेच्या २५ टक्के, तर्जनीला १० टक्के आणि करंगळीला ४ टक्के होते. बायाँवर, म्हणजे डग्ग्यावर, घुमारा देणाऱ्या हाताची ही किंमत वाचताना मी बराच वेळ गप्प होतो. तक्ता सगळ्यांना सारखाच लागू असतो, त्यात वादकासाठी वेगळी तरतूद नसते, आणि या बाबतीत ब्रोकरही काही करू शकत नाही, हे त्यांनी तेव्हाच स्पष्ट सांगितले.

पॉलिसी हातात आली तेव्हा व्यवसायाच्या रकान्यात नुसते ‘शिक्षक’ लिहिलेले होते. पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती तपासून परत करण्याची मुभा असते. त्या मुदतीतच ब्रोकरबाईंनी ‘तबलावादन व अध्यापन’ अशी दुरुस्ती करून घेतली. ही चूक माझ्या नजरेतून सुटली असती.

सातव्या महिन्यात पावसात स्कूटर घसरली आणि उजव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर. क्ष-किरण तपासणीचे अहवाल, डॉक्टरांचे असमर्थतेचे प्रमाणपत्र आणि रद्द केलेल्या कार्यक्रमांची पत्रे जमवताना पत्नीची दमछाक झाली. एक प्रमाणपत्र तारीख राहिल्यामुळे दोनदा आणावे लागले. शिवाय ब्रोकरच्या कार्यालयाने पहिल्या आठवड्यात तीनदा फोन उचलला नाही, ही माझी खरी तक्रार आहे. ज्या दिवसांत मदतीची गरज सर्वांत जास्त असते त्याच दिवसांत हे घडावे, याचे वाईट वाटले आणि मी ते त्यांना सांगितलेही.

पाचव्या आठवड्यात पेच पडला. माझ्या दोन विद्यार्थ्यांची परीक्षा जवळ आली होती आणि हात बांधलेला असला तरी कायदे, रेले या तबल्याच्या रचना तोंडाने म्हणवून घेता येत होत्या. अशी पढंत, म्हणजे बोलांचे पठण, घेणे हेदेखील अध्यापनच, आणि अध्यापन माझ्या पॉलिसीत व्यवसाय म्हणून नोंदवलेले. ब्रोकरबाईंना विचारले, तेव्हा त्यांनी आढेवेढे न घेता सांगितले की शिकवायला सुरुवात केली की ‘संपूर्ण’ असमर्थता संपते. शिकवा किंवा थांबा, परंतु शिकवून ते लपवू नका. मी शिकवले आणि दावा चार आठवड्यांचाच केला. कागदपत्रे पूर्ण झाल्यापासून २३ दिवसांत ४० हजार रुपये खात्यात आले, एकही शंका न काढता. दोन आठवड्यांचे पैसे गेले, तरी विद्यार्थी परीक्षेला तयारीने बसले.

आजाराचे काय, हा प्रश्न अपघात विम्याच्या बाहेर राहतो. संधिवाताने बोटे आखडली किंवा पक्षाघात झाला तर ही पॉलिसी काहीही देत नाही. पक्षाघातासाठी ब्रोकरबाईंच्या सल्ल्याने १० लाखांची गंभीर आजारांची पॉलिसी वेगळी घेतली. तिला सुरुवातीचे ९० दिवस प्रतीक्षाकाळ होता, आणि पक्षाघाताची मज्जासंस्थेवरील कायमची हानी किमान ३ महिने टिकली तरच रक्कम मिळते. संधिवात त्या यादीत नाही. त्यावर विकण्यासारखे माझ्याकडे काही नाही, असे त्या म्हणाल्या, आणि याच वाक्यामुळे त्यांच्यावरचा माझा विश्वास वाढला.

गेल्या महिन्यात नूतनीकरण त्यांच्याकडूनच केले. त्या वेळी या वर्षीची फी पूर्ण पावतीवर घेतल्याचे दाखवून आठवड्याची रक्कम १२ हजार करून घेतली. संधिवातासाठी पोस्टात दरमहा २ हजारांचे आवर्ती खाते उघडले आहे.