अपोप्लेक्सी आणि अर्धांगवायू

स्ट्रोकला, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा अचानक तुटण्याला किंवा मेंदूत रक्तस्राव होण्याला, युरोपात पूर्वी अपोप्लेक्सी म्हणत. मूळ ग्रीक अर्थ, जबर फटका बसून कोसळणे. धडधाकट माणूस अचानक पडला, शुद्ध हरपली, की अपोप्लेक्सी. कारण काहीही असो. 1658 मध्ये स्वित्झर्लंडच्या योहान याकोब वेप्फर या डॉक्टरने शवविच्छेदनांवरून अशा रोग्यांच्या मेंदूतला रक्तस्राव दाखवला, तेव्हा कुठे बिघाडाची जागा कळू लागली. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतल्या रक्तस्रावाला आजही अपोप्लेक्सीच म्हणतात.

आपला अर्धांगवायू हा शब्द दोष वाताला देतो, पण लक्षण नेमकं पकडतो: एका बाजूचा हातपाय लुळा. म्हणून मला तोच शब्द सरस वाटतो. घरच्यांनाही ते ओळखता येतं. मात्र अचानक जीभ जड होणं किंवा एका बाजूचं दिसेनासं होणं त्यात बसत नाही, आणि तोही स्ट्रोक असू शकतो.