सोन्याचं टोक की नायट्राइडचा थर? आरएफ मेम्स स्विच निवडताना

आरएफ मेम्स स्विच, म्हणजे रेडिओ सिग्नल जोडणारा-तोडणारा, चिपवर कोरलेला सूक्ष्म यांत्रिक स्विच, घ्यायचं ठरलं की दोन घराणी समोर येतात. ओह्मिक स्विचमध्ये व्होल्टेजच्या ओढीने वाकणाऱ्या इवल्या तरफेचं सोन्याचं टोक धातूवर प्रत्यक्ष टेकतं. कपॅसिटिव्हमध्ये धातूचा पातळ पूल सिलिकॉन नायट्राइडच्या थरावर येऊन बसतो आणि सिग्नल त्या कपॅसिटरमधून ग्राउंडला जातो. लॉस (सिग्नल किती घटतो) आणि आयसोलेशनचे (तुटल्यावर किती अडतो) आकडे डेटाशीटमध्ये आहेत, ते इथे उगाळत नाही. डीसी किंवा काहीशे मेगाहर्ट्झ लागणार असतील तर निवड आपोआप ओह्मिकची होते, कारण 3 पिकोफॅरॅडचा खाली बसलेला पूल 10 गिगाहर्ट्झला साधारण 5 ओह्म दिसतो, पण 1 गिगाहर्ट्झला 53, मग सिग्नल ग्राउंडला नीट जात नाही. खरा पेच वरच्या पट्ट्यात आहे, जिथे दोन्ही चालतात.

कागदावर कपॅसिटिव्ह सरस दिसतो. धातूला धातू लागतच नाही, त्यामुळे ठिणगी नाही, वेल्डिंग नाही, टोकाची झीजही नाही. अनेक जण इथेच भुलतात, आणि त्यात त्यांचा फारसा दोष नाही.

त्रास सुरू होतो तो थरात साचणाऱ्या चार्जमुळे. 0.2 मायक्रॉनच्या नायट्राइडवर 40 व्होल्ट म्हणजे सेंटीमीटरला 20 लाख व्होल्टचं विद्युत क्षेत्र. एवढ्या क्षेत्रात चार्ज थरात शिरतो आणि तिथल्या सापळ्यांत अडकून बसतो. मग पुलाला दिसणारा व्होल्टेज आपण दिलेला राहत नाही, तो काही व्होल्टांनी सरकतो. ही सरक पूल सुटण्याच्या व्होल्टेजपेक्षा मोठी झाली की ड्राइव्ह (पूल ओढणारा व्होल्टेज) शून्यावर आणला तरी पूल खालीच राहतो. सरक उलट्या बाजूची असेल तर नेहमीच्या व्होल्टेजवर तो खालीच येत नाही.

इथवर सहन करता येतं. चीड येते ती पुढच्या भागाची. अडकलेला स्विच तसाच ठेवला तर चार्ज काही तासांत झिरपून जातो आणि सकाळी तोच स्विच निमूटपणे चालतो. मायक्रोस्कोपखाली काही दिसत नाही. सरक मोजायची तर पुल-इन, म्हणजे पूल खाली येतो तो व्होल्टेज, मोजावा लागतो, त्यासाठी व्होल्टेज द्यावा लागतो आणि त्या व्होल्टेजने नवा चार्ज भरतो. तपासणीच पुरावा बिघडवते. माझा काटा इथे ओह्मिककडे झुकला. बिघाड कमी की जास्त यापेक्षा तो हाताला लागतो का, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आवर्तनांच्या (स्विच किती वेळा चालू-बंद झाला त्याच्या) आकड्यानेही इथे फसायला होतं. 1 किलोहर्ट्झवर, निम्मा वेळ खाली, अशी 10 कोटी आवर्तनं म्हणजे चाचणी झाली सुमारे 28 तास, आणि पूल प्रत्यक्षात खाली होता 14 तास. तुमचा फेज शिफ्टर (सिग्नलची कला बदलणारं सर्किट) एकाच स्थितीत आठवडाभर उभा राहणार असेल तर तो 10 कोटींचा आकडा तुमच्या कामाचा नाही. चार्ज साचतो तो खाली बसलेल्या वेळेनुसार.

उपाय आहेत. पूल खाली आणायला 40 व्होल्ट लागत असले तरी धरून ठेवायला 12–15 व्होल्ट बहुधा पुरतात, म्हणून 40 व्होल्ट जेमतेम 50 मायक्रोसेकंद द्यायचे आणि मग उतरायचं. कपॅसिटिव्ह घेणारच असाल तर हे कराच. प्रकाशित मोजमापांत व्होल्टेज 5 ते 7 व्होल्टांनी कमी केला की आयुष्य साधारण दहापट वाढलेलं दिसतं. दर आवर्तनाला ध्रुवता उलटवल्यानेही थोडा फरक पडतो, कारण ओढ व्होल्टेजच्या वर्गावर ठरते, चिन्हावर नाही. मात्र थराच्या वरच्या आणि खालच्या बाजूने चार्ज सारखा शिरत नाही, त्यामुळे बाकी शून्य होत नाही. थराऐवजी छोटे उंचवटे ठेवून मधे हवा सोडली तर चार्ज खूप घटतो, पण बसलेली कपॅसिटन्सही घटते, आणि त्याच कपॅसिटन्ससाठी तर हा स्विच घेतलेला असतो.

ओह्मिकची बाजूही धुतल्या तांदळाची नाही. टोकावरचा दाब 50 ते 200 मायक्रोन्यूटन, तर साध्या सिग्नल रिलेत तो काही दशक मिलिन्यूटनांत. रिलेचं टोक टेकताना थोडं घासत जातं आणि वरचा मळ खरवडला जातो. इथे टोक जेमतेम काही नॅनोमीटर सरकतं, म्हणून मळ तसाच राहतो. यंत्रात घर्षणाने सगळे हैराण असतात, इथे मात्र ते कमी पडतं ही अडचण. धातूही मनाजोगा मिळत नाही. स्वच्छ सोनं मऊ आणि चिकट. रुथेनियम कडक, कमी चिकटतं, पण रेझिस्टन्स जास्त. शिवाय प्लॅटिनम गटातले धातू सेंद्रिय वाफांपासून टोकावर गडद थर जमवतात. टेलिफोन एक्स्चेंजच्या पॅलेडियम कॉन्टॅक्टवर हा थर 1950च्या दशकातच ओळखीचा झाला होता.

तरीही ओह्मिक बिघडण्याआधी बोलतो. चार तारांनी रेझिस्टन्स मोजत राहा. तो हळूहळू चढत असेल तर कार्बन जमतोय. अचानक उतरला तर खूश होऊ नका: सोनं मऊ होऊन पसरलंय आणि आता ते सुटायला कुरकुरेल. सोनं मऊ होण्याची मर्यादा टोकावर सुमारे 0.08 व्होल्ट, वितळण्याची सुमारे 0.43. म्हणजे 1 ओह्मच्या टोकातून 80 मिलिअँपिअर गेले की तुम्ही काठावर आहात. रेझिस्टन्स निम्मा असेल तर तेवढ्याच करंटला 40 मिलिव्होल्ट होतात आणि श्वास घ्यायला जागा राहते.

ओह्मिकला एकच शिस्त लागते: सिग्नल बंद, मग गेट (तरफ ओढणारा व्होल्टेज), टोकाची उसळी शमेपर्यंत 100 मायक्रोसेकंद थांबणं, मग सिग्नल चालू. डेटाशीटमधली अब्जावधी आवर्तनं याच शिस्तीवर मोजलेली असतात. इथे एक फट राहते. स्रोत बंद असला तरी जोडलेली केबल भरलेली असू शकते. मीटरभर कोअॅक्स म्हणजे 100 पिकोफॅरॅड. 5 व्होल्टांवर राहिली तर टोक टेकताक्षणी सव्वा नॅनोज्यूल त्यातून ओतली जाते. केबलच्या तरंगत्या (ग्राउंडची वाट नसलेल्या) टोकावर 1 मेगाओह्म ग्राउंडला लावा, म्हणजे 0.1 मिलिसेकंदाच्या काळस्थिरांकाने केबल रिकामी होते. त्याच्या पाचपट थांबलं की झालं. 10 मेगाओह्म लावलात तर हाच हिशोब दहापट.

महिनोन्महिने टोक टेकवून ठेवायच्या ओह्मिक स्विचला सोन्याच्या तरफेचा क्रीप (सततच्या ताणाने हळूहळू वाकणं) गाठतो, गरम जागी लवकर. टेकून राहण्याच्या वेळेचा आकडा आवर्तनांपासून वेगळा दिलेला असतो, आधी तोच पाहा. पॅकेज नसलेला उघडा डाय (नुसती चिप) हाती असेल तर दोन्ही घराणी सारखीच लाडावलेली. मुंबईच्या जुलैत ती कोरड्या नायट्रोजनखालीच चालवा, नाहीतर पाण्याचा सूक्ष्म पूल टोकाला धरून ठेवतो आणि दोष तुम्ही भलत्याच कारणाला देता.

30 गिगाहर्ट्झच्या पुढे, सतत हलणाऱ्या आणि क्षणभरच खाली बसणाऱ्या कामाला कपॅसिटिव्ह नाकारण्याचं कारण मला दिसत नाही. बाकी ठिकाणी मी ओह्मिक घेईन, 80–90 व्होल्टांचा गेट ड्रायव्हर सोसूनसुद्धा. काही भागांत तो पॅकेजमध्येच येतो. कपॅसिटिव्हच्या पुरवठादाराला मात्र ऑर्डरआधी विचाराच की आवर्तनं कोणत्या ड्यूटीवर (खाली असण्याच्या वेळेच्या प्रमाणावर) मोजली आणि पूल एका वेळी जास्तीत जास्त किती तास खाली ठेवला होता.