सिरॅमिक कोटिंग: इंदूरची एक रंगपंचमी, एक उन्हाळा आणि निम्मा पावसाळा काढल्यावर

राजेंद्र नगरकडे माझं डिटेलिंगचं, म्हणजे गाड्यांची बारकाईने सफाई आणि पॉलिश करायचं, लहानसं दुकान आहे, एका वेळी दोन गाड्या आत मावतात. सिरॅमिक कोटिंग म्हणजे गाडीच्या रंगावर चढवायचा पातळ, पारदर्शक संरक्षक थर. येणारा प्रत्येक माणूस एकच विचारतो, "कोटिंग खरंच टिकतं का हो?" कंपनीच्या छापील कागदावरून याचं उत्तर देणं मला कधी पटलं नाही. म्हणून गेल्या दिवाळीनंतर घरच्या काळ्या सेडानवर कोटिंग केलं आणि ती मुद्दाम झाकण न घालता, रोजच्या वापरात, बाहेर उभी ठेवली. काळा रंग काहीच लपवत नाही, म्हणून तीच गाडी निवडली. आता गणपती तोंडावर आले आहेत, तेव्हा जे दिसलं ते लिहितो.

आधी निकाल सांगतो. कोटिंग काम करतं. पण इंदुरात त्याची खरी गाठ बोअरच्या पाण्याशी आहे. ऊन, चिखल, रंग हे सगळे त्यानंतर येतात. ज्याच्याकडे गाडी धुवायला धड पाणी आणि धड पद्धत नाही, त्याने वीस-पंचवीस हजार रुपये कोटिंगवर घालू नयेत, असं मी आता गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो.

तयारीबद्दल थोडं सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण पुढचे सगळे महिने तिथेच ठरतात. कारखान्यातून आलेल्या रंगाची एकूण जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते, आणि त्यात वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, 40-50 मायक्रॉनच्या आसपास. जे पॉलिश करायचं ते या थरातच. त्यामुळे जाडी मोजायचं मीटर फिरवल्याशिवाय मी मशीन हातात घेत नाही. धुणं झालं की लोखंडाचे कण काढणारं रसायन मारायचं. ब्रेकच्या धुळीतले कण विरघळतात आणि पांढऱ्या गाडीवर जांभळे ओघळ दिसतात, ते पाहून गिऱ्हाईक दचकतंच. मग क्ले, म्हणजे रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ माती, फिरवायची. मग ड्युअल अॅक्शन मशीनने (पॅड गोल फिरता फिरता हलतंही) फोम पॅडवर कंपाउंड, नंतर फिनिशिंग पॉलिश. रोटरी मशीन लवकर कापते खरी, पण तिचे फिरकीचे चट्टे उन्हात उठून दिसतात, आणि कोटिंगखाली ते चट्टे कायमचे अडकून राहतात. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पॉलिशचं तेल काढायचं. हे पुसणं मी पोरांवर सोडत नाही. तेलाचा पुसट पदर जरी राहिला, तरी कोटिंग रंगाला धरत नाही.

कोटिंगचा थर स्वतः एक-दोन मायक्रॉनचा. एका सेडानला 30 मिलिलिटरची बाटली पुरते. लावताना सगळं लक्ष एका गोष्टीवर हवं: ओला पदर कधी इंद्रधनुष्यासारखा चमकून गोळा व्हायला लागतो. नोव्हेंबरात ती वेळ सावकाश येते, पुसायला निवांतपणा असतो. मे महिन्यात शटर उघडं ठेवून तेच काम केलं तर बोनेटचा अर्धा भाग लावेपर्यंत पहिला कोपरा घट्ट झालेला असतो आणि तिथे काळपट ठिपका राहून जातो. तो मग पॉलिश करूनच काढावा लागतो. म्हणून उन्हाळ्यात आम्ही कोटिंगचं काम पहाटे धरतो आणि एका वेळी हातभर जागाच घेतो. पावसाळ्यात उलटी अडचण. हे रसायन हवेतल्या ओलाव्यानेच पक्कं होतं, त्यामुळे उघडलेली बाटली दोन-चार दिवसांत आतल्या आत गोठायला लागते. मोठ्या बाटल्या स्वस्त पडतात, तरी छोट्या दुकानाने 30 मिलिलिटरच्याच घ्याव्यात.

कोटिंगच्या कडकपणासाठी सांगितल्या जाणाऱ्या '9 एच' या आकड्याबद्दल फार गैरसमज आहे. सुदामा नगरचे एक काका नवी गाडी घेऊन आले होते. म्हणाले, "अरे, नाइन एच म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल ना? मग चावीने ओढलं तरी काही होणार नाही."

मी म्हटलं, "काका, हे माप पेन्सिलीचं आहे. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली ठरलेल्या कोनात, ठरलेल्या वजनाने दाबून ओढतात. 9 एच पेन्सिलीने चरा पडला नाही एवढाच त्याचा अर्थ. हिऱ्याचं माप वेगळं, खनिजांच्या कडकपणाचं, मोहसचं."

"मग चावीने?"

"चावीने चरा पडणार. वाळूतलं क्वार्ट्झ मोहसच्या मापात 7 वर आहे. कोरड्या फडक्याखाली वाळूचा एक कण जरी आला, तरी चरा पडणार."

काकांनी त्या दिवशी कोटिंग केलं नाही. आठवड्याने परत आले आणि आधी गाडी कशी धुवायची ते समजून घेतलं. असा गिऱ्हाईक मला दहा वेळा चालेल.

माझ्या गाडीवर या काळात बारीक चऱ्यांची जाळी जवळपास आली नाही, याचं श्रेय मी धुण्याला देतो. दोन बादल्या, तळाला जाळी, पीएच न्यूट्रल (ना आम्ल, ना अल्कली) शाम्पू, आणि हात लावायच्या आधी फोम मारून धूळ भिजवून खाली सोडायची. कोटिंगचा वाटा इतका, की धूळ घट्ट बसत नाही आणि घासायचं काम कमी होतं. आपल्या सोसायट्यांत सकाळी एकच ओलं फडकं घेऊन वीस गाड्या पुसल्या जातात. त्या फडक्यापुढे कुठलंच कोटिंग टिकत नाही. पुसणाऱ्याला महिन्याचे पैसे पूर्ण द्या, पण बाहेरून गाडीला हात लावू नको असं सांगा, एवढीच विनंती मी करतो.

रंगपंचमीला गाडी राजवाड्यामागच्या गल्लीत नातेवाइकांच्या दारात उभी होती. गेर, म्हणजे इंदूरची रंगपंचमीची मिरवणूक, जवळूनच गेली. ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना गाडीचं काय झालं असेल ते सांगायला नको: वरून गुलालाचा जाड थर, त्यावर टँकरचं रंगीत पाणी, आणि दुपारच्या उन्हात ते सगळं वाळलेलं. मी गुलाल झटकला नाही. कोरड्या गुलालावर फडकं फिरवणं म्हणजे गाडी स्वतःच्या हाताने खरवडणं. लांबून प्रेशरने पाणी मारलं, मग फोम, पुन्हा पाणी. पत्र्यावरचा रंग जवळजवळ सगळा हात न लावता वाहून गेला, एक डाग उरला नाही. पण काचेलगतचं काळं रबर आणि वायपरखालचं बिनरंगाचं प्लॅस्टिक गुलाबी ते गुलाबीच. तिथे कोटिंग नव्हतं. तेव्हापासून मी अशा रबर-प्लॅस्टिकचं, म्हणजे ट्रिमचं, वेगळं कोटिंग पॅकेजमध्येच धरतो, जास्तीचे पैसे न लावता. पांढऱ्या गाड्यांवर तर हा फरक लांबूनच दिसतो.

आता पाण्याकडे येतो. इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून, 70 किलोमीटरवरून विंध्य चढवून आणलं जातं. ते प्यायचं पाणी गाड्यांवर ओतणं मला बरोबर वाटत नाही, त्यामुळे दुकानात बोअरच. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालतात. आमच्या बोअरचा आकडा या दोन्हींच्या मधे येतो. पिणाऱ्याला या क्षारांचं फारसं काही वाटणार नाही, पण काळ्या बोनेटवर ते पाणी वाळलं की प्रत्येक थेंबाच्या जागी पांढरं कडं उरतं.

कोटिंगने हा त्रास कमी होत नाही, वेगळ्या तऱ्हेने होतो, हे मला याच गाडीवर नीट कळलं. साध्या रंगावर पाणी पसरून पातळ वाळतं. कोटिंगवर ते गोल, उंच थेंबात गोळा होतं, म्हणजे सगळे क्षार एका टिंबात साचतात. टॉर्च आडवी धरून पाहिलं तर कड्याचा काठ बोटाच्या नखाला लागतो. लगेच काढलं तर निघतं: पांढरा व्हिनेगर निम्मं पाणी घालून मायक्रोफायबरला लावायचा, फडकं डागावर मिनिटभर नुसतं ठेवायचं, घासायचं नाही, मग भरपूर पाणी. पत्रा गार हवा आणि गाडी सावलीत हवी. पण दोन-चार दिवस चाळीस अंशांच्या उन्हात राहिलेला डाग कोटिंगमध्ये खोल उतरतो. तो पॉलिशनेच जातो, आणि पॉलिश केलं की तिथलं कोटिंगही गेलं.

मे संपता संपता गाडीवरून पाणी ओघळेनासं झालं. थेंब बसून राहायला लागले. इथेच बहुतेक लोक दुकानात येऊन भांडतात की कोटिंग गेलं. मी थांबलो आणि आधी लोखंड काढणारं रसायन, नंतर आम्लयुक्त शाम्पू वापरून नीट धुतलं. दरवाजे आणि बोनेट पहिल्याच धुण्यात पूर्ववत झाले, टपाला दोनदा करावं लागलं. कोटिंग जागेवरच होतं. त्यावर मेट्रोच्या कामांची धूळ आणि बोअरचे क्षार यांचा न दिसणारा पापुद्रा चढला होता, इतकंच. हे धुणं न करता कुणी नव्या कोटिंगचे पैसे मागत असेल, तर देऊ नका.

दुकानात यावर उपाय केला तो असा. धुणं सगळं बोअरच्या पाण्यावर, पण शेवटचं खंगाळणं आरओच्या पाण्याने. रात्रभर टाकी भरते, सकाळी हाताने दाबायच्या फवारणी पंपाने वापरतो, एका गाडीला फार लागत नाही. आरओचं बाहेर टाकलेलं पाणी आधीपेक्षा खारट असतं, ते फक्त फरशीला. नुसता सॉफ्टनर बसवून भागत नाही. तो कॅल्शियमच्या जागी सोडियम सोडतो, डाग पुसायला सोपा होतो पण पडतोच. खंगाळून झालं की ब्लोअरने आरशांच्या फटी आणि दरवाज्यांच्या मुठी कोरड्या करायच्या, मग टॉवेल. घरी गाडी धुणाऱ्याला इतकं जमणार नाही. त्याने सूर्य उगवायच्या आत धुवावी, एकेक बाजू घ्यावी आणि ती वाळायच्या आत पुसावी. बाकी काही नाही केलं तरी चालेल.

जिथे कोटिंग कमी पडलं ते एकच ठिकाण: टपावर पक्ष्याच्या विष्ठेचा डाग. कडक उन्हात दोन दिवस राहिला, आणि खालच्या क्लिअर कोटपर्यंत पुसट खूण उतरली. एक-दोन मायक्रॉनच्या थराकडून त्याहून जास्त अपेक्षा ठेवणं चूकच. पावसाळ्यात मात्र गाडीने मन जिंकलं. काळ्या मातीचा चिखल दारांच्या खालून नुसत्या पाण्याने निघतो, चाकांवर ब्रश जेमतेम फिरवावा लागतो.

धंदा करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. एका कंपनीच्या पाच वर्षांच्या वॉरंटीचं कार्ड मी गिऱ्हाइकांसमोर वाचून दाखवत असे. पाण्याचे डाग, विष्ठा, ओरखडे, सगळंच त्यात वगळलेलं, आणि दर वर्षी पैसे भरून तपासणी केली नाही तर उरलेलंही रद्द. ते कार्ड देणं मी बंद केलं. आता बिलाबरोबर सहा महिन्यांनी एक डिकंटॅमिनेशन धुणं (वर सांगितलेलं, लोखंडाचे कण आणि क्षार काढणारं) फुकट लिहून देतो. त्याचा खर्च फार नाही, गाडी पुन्हा डोळ्यांखालून जाते, आणि नेमकं कुठे बिघडतंय ते दोघांनाही दिसतं. दर ठरवताना बाटलीची किंमत धरू नका. वापरलेल्या गाडीच्या तयारीला दोन दिवस जातात, पैसे त्याचे आहेत. तीन-चार हजारांत कोटिंग करून देणारा ती तयारीच गाळतो आणि चऱ्यांवरच थर चढवतो.

पुढच्या गाडीला मी बोनेटला आणि पुढच्या बंपरला पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म, लावणार आहे. 150-200 मायक्रॉनची ती फिल्म हायवेवरचे खडे झेलते, ते कोटिंगला जमत नाही. बाकी गाडीला कोटिंगच. याच गाडीच्या टपावरचं कोटिंग अनंत चतुर्दशीच्या झांक्या (मिरवणुकीतले देखावे) झाल्या की उतरवून पुन्हा करीन. बाकीचं अंग अजून एक उन्हाळा तसंच ठेवणार आहे.