बाळाच्या खोलीसाठी डेकोपाज: नॅपकिन की राइस पेपर, एमडीएफ की कॅनव्हास?

भाची बाळंतपणाला माहेरी आली होती. सव्वा महिन्याने ती सासरी जाईपर्यंत बाळाच्या खोलीसाठी डेकोपाजची, म्हणजे छापील कागद चिकटवून वरून वॉर्निश दिलेली, दोन चित्रं करून देते, असं मी कबूल करून बसले. एक कागदी नॅपकिनचं केलं, एक राइस पेपरचं. आता ओळखीत कुणाकडे बाळ यायचं असलं की मलाच विचारतात, काय आणू?

नॅपकिन स्वस्त आणि सुंदर, पण हात हलका हवा. तो तीन पदरी असतो. छापलेला वरचा पदर तेवढा घ्यायचा, खालचे दोन पांढरे सोलून टाकायचे. हातात उरतो तो कांद्याचा पापुद्रा. ब्रशला गोंद जरा जास्त झाला की खेळ आटोपला. माझ्या हत्तीची सोंड अशीच ब्रशबरोबर निघून आली. बरं, 33 सेंटीमीटरच्या नॅपकिनवर बरेचदा तेच चित्र चारदा छापलेलं असतं, म्हणून दुसऱ्या हत्तीची सोंड कापून जोडली. जोड शोधल्याशिवाय दिसत नाही.

पुढच्या वेळी मी इस्त्रीच वापरली. फेव्हिकॉलमध्ये थोडं पाणी घालून त्याचा हात द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा, वर नॅपकिनचा पदर, त्यावर बेकिंगचा बटर पेपर, आणि मध्यम गरम इस्त्री मधून कडेकडे. वाळलेला गोंद उष्णतेने मऊ होऊन कागद धरतो, सुरकुती जवळजवळ पडत नाही. एक मात्र विसरू नका: हा पदर पारदर्शक असतो. खाली पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकचे दोन हात नसतील, तर एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचा) तपकिरी रंग वर येऊन गुलाबी ससा मातकट दिसतो.

राइस पेपर महाग. नावात तांदूळ असला तरी कागद असतो झाडांच्या लांब तंतूंचा, म्हणून ओला झाला तरी टिकतो. चुकीच्या जागी बसला तर हळूच उचलून परत लावता येतो. मला आवडते ती त्याची कड: ओल्या ब्रशने रेघ ओढायची आणि त्या रेघेवर फाडायचं. तंतू मोकळे सुटतात आणि कड पांढऱ्या रंगात विरून जाते. कात्रीने कापलेली कड कायम चिकटवल्यासारखीच दिसते. पहिल्यांदाच करत असाल आणि बारशाची तारीख डोक्यावर असेल, तर दोन पैसे जास्त गेले तरी हाच घ्या.

घरच्या इंकजेट प्रिंटरवर चित्र छापून लावायचा मोह आवरा, गोंद लागताच शाई पसरते. लेझर प्रिंट चालतो, पण कागद जाड पडतो.

आता खालचा आधार. एमडीएफ गुळगुळीत, त्यावर इस्त्री छान चालते. पण त्याच्या कडा स्पंजसारखं पाणी पितात. मुंबईत नाहीतर कोकणात राहत असाल तर कडांना आणि पाठीलाही रंग द्या, नाहीतर दोन पावसाळ्यांत पत्रावळीसारखा वाकेल. कॅनव्हास, म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड, हलका, छोट्या खिळ्यावर राहतो, आणि बाळाच्या खोलीत ही गोष्ट लहान नाही. त्याची वीण मात्र नॅपकिनमधून दिसते. काहींना ती आवडते, मला नाही. इस्त्री करायची तर चौकटीच्या आत मागून एखादं पुस्तक सरकवा. दमट गावात मी कॅनव्हास आणि राइस पेपर घेईन. पुण्या-नाशिककडे एमडीएफ आणि नॅपकिन खुशाल करा.

वरून नुसता फेव्हिकॉल लावून सोडू नका, पावसाळ्यात हाताला चिकट लागतो. पाण्यावर आधारलेलं मॅट वॉर्निश, दोन-तीन हात, आणि वास पूर्ण जाईपर्यंत चित्र गॅलरीत. तेलाचं पॉलिश या कामाला नकोच.

आणि पाळण्याच्या वरच्या भिंतीवर कितीही शोभलं तरी तिथे टांगू नका, काच नसली तरीही. तसंही तान्ह्या बाळाला नीट दिसतं ते जेमतेम वीस-तीस सेंटीमीटरपर्यंत. पहिले काही महिने चित्र बघणार ती रात्री अडीचला दूध पाजत बसलेली आई. तिच्या खुर्चीसमोरची भिंत बघा. सोंडेच्या जोडाचं मी भाचीला अजून सांगितलेलं नाही.