उंच हँडल: केबल किती लांब, वायरिंग कसं वाढवायचं?

मोटरसायकलला उंच हँडल बसवायला अर्धा तास, केबली निस्तरायला दोन रविवार. माझं तसंच झालं, कारण मोजायच्या आधी खरेदी केली. तुम्ही आधी दोरी घ्या, जुन्या केबलच्या वाटेने फिरवा आणि हँडल दोन्हीकडे टोकापर्यंत वळवून पाहा. हँडल नुसतं वर जात नाही, मागेही येतं. त्यामुळे उंचीतला फरक म्हणजे केबलीतला फरक नव्हे. वाढ थोडीच असेल तर जुनी केबल दुसऱ्या वाटेने काढूनही भागतं.

क्लचला मी ‘असू दे जरा’ म्हणून गरजेपेक्षा बरीच लांब केबल घेतली. हेडलाइटमागे तिचा वेटोळा पडला आणि क्लच दगडासारखा जड झाला. अ‍ॅक्सिलेटरचं उलट: केबल आखूड पडली की हँडल वळवताच इंजिनची रेस आपोआप वाढते. वळणावर हे जिवावर बेतेल. तेव्हा इथे तडजोड नको, योग्य मापाचीच केबल घ्या.

ब्रेकच्या जुन्या पाइपला जोडतुकडा लावणं स्वस्त पडतं, पण प्रत्येक सांधा म्हणजे गळतीची आणखी एक जागा. मी अखंड पाइपच घेईन, तोही स्टीलच्या जाळीचा. रबरी पाइप दाबाखाली किंचित फुगतो आणि लांबी वाढली की लिव्हर आणखी मऊ लागतो. उघडी जाळी मात्र टाकीचा रंग कानशीसारखी घासते, म्हणून प्लॅस्टिकचं आवरण असलेली बघा. तांब्याचे वॉशर दर वेळी नवे घाला. ब्रेकचं डॉट 4 ऑइल रंग खातं, टाकीवर फडकं टाका. आणि पुढचं चाक अधांतरी ठेवून पाइप ताणला जात नाही ना, तेही बघा. स्टँडवर उभ्या गाडीत हे कळत नाही.

वायरिंगला दोन वाटा. तयार कपलरवाली (टोकांना खटका जोड असलेली) वाढीव वायर मिळत असेल तर तीच घ्या. मूळ वायर शाबूत राहते, उद्या जुनं हँडल लावता येतं. मिळत नसेल तर कापून जोडा, पण तेवढ्याच जाडीची आणि त्याच रंगाची वायर वापरा. सगळे सांधे एकाच जागी आणू नका, तिथे गाठोडं होतं. नुसता डाग दिलेला (सोल्डर केलेला) सांधा कडक होतो आणि हादऱ्याने त्याच्या कडेलाच वायर तुटते. त्यापेक्षा दाबून बसवलेला जोड आणि वर आतून गोंद असलेली, गरम केली की आकसणारी नळी टिकाऊ. तुमच्या गाडीला अ‍ॅक्सिलेटरची केबलच नसेल, सगळं सेन्सरवर असेल, तर कापाकापीच्या भानगडीत पडूच नका.