कलम 226 की कलम 32?

पोस्टवरून गुन्हा दाखल झालेल्या मित्राने एफआयआरची चुरगळलेली प्रत पुढे केली. राज्यघटनेच्या कलम 226खाली मुंबई उच्च न्यायालय की कलम 32खाली थेट दिल्लीचं सर्वोच्च न्यायालय?

खर्चात उच्च न्यायालयच परवडतं. नागपूर, छत्रपती संभाजीनगरलाही खंडपीठं आहेत. 226चा आवाका मूलभूत हक्कांपलीकडेही जातो, आणि हरलास तरी वरची पायरी उरते. 32 हा स्वतःच मूलभूत हक्क, पण तिथे ‘आधी उच्च न्यायालयात जा’ असं बरेचदा सांगतात.

मात्र कायदाच घटनाबाह्य असेल तर 32ची ताकद मोठी. 2012 मध्ये फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली, तेव्हा अंगावर काटा आला होता. त्यानंतरच्या याचिकेवर 2015 मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारं कलम 66अ देशभर रद्द झालं.

तुझ्या एकट्यावरचा गुन्हा रद्द करून घ्यायचा, तर मुंबईच गाठ.